शेठजींचं देणं

इंदूरमध्ये राहून हुकुमचंद हे नाव टाळता येत नाही. इतवारिया बाजारात शिरलं की काच मंदिर, त्याला लागून शीशमहाल. तुकोगंजात इंद्रभवन. राजकुमार मिलच्या पुलावर आपण जे नाव घेतो ते त्यांच्या मुलाचं. आणि मिल एरियात हुकुमचंद मिल, जिच्यात १९९१ नंतर एक चातीसुद्धा फिरलेली नाही, पण जिचं नाव वर्तमानपत्रात अजून येतं.

मंडळाच्या या अंकासाठी 'आपल्या शहरातलं एक माणूस' हा विषय ठरला, तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलींनी अहिल्याबाई घेतल्या. उरलेल्यांत लता मंगेशकर, किशोरकुमार आणि राहत इंदौरी वाटले गेले. मी सर शेठ हुकुमचंद म्हटल्यावर मैत्रीण म्हणाली, "अगं, मराठी मंडळाच्या अंकात मारवाडी शेठ कशाला?" तिला म्हटलं, दरबारची मराठी आणि पेढीची मारवाडी यांच्या व्यवहारावरच हे शहर वाढलं, त्यात काय एवढं.

पण खरं कारण वेगळं आहे. गेली तीन वर्षं माझी फी एक ट्रस्ट भरतो. दर जुलैमध्ये मला त्यांना आभाराचं पत्र लिहावं लागतं, इंग्रजीत, एक पान. 'आपल्या औदार्यामुळे' याचं इंग्रजी मला आता झोपेतही येतं. ज्यांच्या नावाने तो ट्रस्ट आहे त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. मोठे उद्योगपती आहेत, मंत्र्यांबरोबर त्यांचे फोटो येतात, एवढंच माहीत. त्यांनी पैसे कसे मिळवले, हे आभारपत्रात विचारायची पद्धत नसते. "धर्माची गाय अन् दात का नाय?" असं आजी म्हणते, आणि ते बरोबरच आहे. पण ज्याला जाऊन साठ-पासष्ट वर्षं झाली त्या माणसाच्या गाईचे दात मोजायला हरकत नसावी. म्हणून शेठजी.

हुकुमचंद १८७४ साली इंदुरात जन्मले आणि १९५९ साली इथेच गेले. राजस्थानातून आलेलं कासलीवाल घराणं, दिगंबर जैन. वडील सरूपचंद. पेढी आधीपासून होती, म्हणजे हा काही शून्यातून वर आलेला माणूस नव्हे. पण घराण्याची श्रीमंती आणि 'कॉटन किंग' ही पदवी यांच्यात बरंच अंतर आहे. ते कापून काढलं ते अफूने.

हे वाचल्यावर मी थोडी थांबले. शाळेत आम्हाला माळव्याची काळी माती शिकवली होती, कापूस शिकवला होता, गहू तर शिकवलाच होता. अफू 'मालव्यात होत असे' या एका ओळीत आटोपली होती. वास्तविक एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू हे अख्ख्या पश्चिम भारताच्या व्यापाराचं इंजिन होतं. शेतकऱ्याकडून चीक सावकाराकडे, सावकाराकडून पेढीकडे, पेढीकडून मुंबई बंदरात आणि तिथून जहाजाने चीनला. इंग्रज सरकार दर पेटीमागे कर घ्यायचं आणि पास द्यायचं. पेटी साधारण १४० पौंडांची. इंदूर या साखळीतलं मोठं ठाणं होतं. शेतात बोंडाला चीर पडण्याच्या किती तरी आधी इथल्या बाजारात त्या अफूचे सौदे झालेले असत. भाव वर जाईल की खाली, यावर पैसा लावायचा. यालाच सट्टा म्हणतात. आज त्याला 'फ्यूचर्स' म्हणून एमबीएत शिकवतात.

आता गंमत बघा. या व्यापाराविरुद्ध इंग्लंडमध्ये ज्यांनी चळवळ चालवली ते बरेचसे चर्चचे लोक होते. क्वेकर आणि मिशनरी मंडळींनी लंडनमध्ये अफूविरोधी संस्था काढली ती १८७४ साली, म्हणजे हुकुमचंद जन्मले त्याच वर्षी. तीस-बत्तीस वर्षं हे लोक सभा घेत राहिले, पत्रकं काढत राहिले. अखेर १९०७ साली ब्रिटन आणि चीन यांच्यात करार झाला, की हिंदुस्थानातून जाणारी अफू दर वर्षी एक दशांशाने कमी करत दहा वर्षांत बंद करायची. पाप संपवायचा करार. पण माल कमी होणार हे जाहीर झालं की बाजारात काय होतं? भाव चढतात. ते चढलेच. ज्यांनी त्या चढत्या भावावर पैसा लावला ते अमाप कमावून गेले आणि त्यांत इंदूरचे शेठ हुकुमचंद होते. आमच्या धर्मातल्या चांगल्या लोकांनी केलेल्या चांगल्या कामाचा नफा असा इतवारिया बाजारात येऊन जमा झाला. यात कोणाला दोष देण्यासारखं मला काही सापडत नाही. पण आमच्या वाय.सी.एस.च्या शिबिरात 'चांगल्या कामाचं फळ' यावर बोलतात, तेव्हा मला आता अफूच्या पेट्या आठवतात.

पुढचा हिशोब सरळ आहे. अफूचा धंदा बुडणार हे ओळखून पैसा कापसात आणि कापडात वळवला. १९१५ मध्ये इंदूरची हुकुमचंद मिल. वेळ अशी साधली की पहिलं महायुद्ध चालू होतं, लँकेशायरचं कापड यायचं कमी झालं होतं आणि इथे विणलेलं काहीही विकलं जात होतं. नंतर राजकुमार मिल. घराण्यातल्याच कल्याणमलांच्या नावाची आणखी एक. युद्ध संपल्यावर कलकत्त्याजवळ नैहाटीला ज्यूट मिल. तोवर ज्यूट म्हणजे स्कॉटिश साहेबांचं राज्य. त्यात शिरणारे पहिले देशी शेठ म्हणजे बिर्ला आणि हे.

आता राजकारण. शेठजींबद्दल बोलताना लोक सोन्याचा मुलामा दिलेल्या मोटारीची गोष्ट सांगतात. ती गोष्ट पोह्यांच्या गाडीवरही ऐकायला मिळते. मला त्या मोटारीपेक्षा एक आकडा जास्त बोलका वाटतो. एक कोटी. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडव्याहून इंदूरला रेल्वे आणायला इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. पुढे महायुद्धात शेठ हुकुमचंदांनी एक कोटीचे युद्धकर्ज रोखे घेतले, असं त्यांच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सांगतो. राजाने जे केलं तेच शेठने केलं, आकडाही तोच. साम्राज्याच्या जवळ जायचा इंदुरी रस्ता हा असा होता. खंडणी द्यायची नाही, नजराणाही नाही. सरकारलाच आपलं देणेकरी करून ठेवायचं. मग रायबहादुर झाले, 'सर' झाले. होळकरांकडून रावराजा. जैन समाजाकडून दानवीर. एका नावामागे एवढे किताब की लग्नपत्रिकेत मावणार नाहीत.

आणि तरी ते फक्त सरकारी माणूस नव्हते. मार्च १९१८ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला आले. दक्षिणेत हिंदीचा प्रचार करायची कल्पना त्यांनी इथे मांडली, आणि त्यासाठी होळकर दरबाराने दहा हजार दिले, शेठ हुकुमचंदांनीही दहा हजार दिले. मी तारखा ताडून पाहिल्या. गांधीजी इंदूरच्या व्यासपीठावर होते २९ मार्चला. त्याआधी अकरा दिवस, १८ मार्चला, त्यांनी अहमदाबादेत उपास सोडला होता. तो उपास होता गिरणी कामगारांच्या पगारवाढीसाठी. म्हणजे एका गावात गिरणीमालकांसमोर उपाशी बसलेला माणूस दोन आठवड्यांच्या आत दुसऱ्या गावात गिरणीमालकाकडून देणगी घेतो आहे. हे वाचून माझ्या एका वर्गमित्राने लगेच "बघ, ढोंग!" म्हटलं. मला तसं वाटत नाही. गांधीजींना श्रीमंतांकडून पैसे घ्यायची लाज नव्हती, कारण ते पैसे मुळात श्रीमंतांचे नाहीतच अशी त्यांची धारणा होती. शेठजींना मात्र ते आपलेच वाटत असणार. एकच थैली, पण देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात तिचे अर्थ दोन. मी जुलैतलं पत्र लिहिते तेव्हाही असंच होत असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या निमित्ताने मी काच मंदिरात गेले. इथेच वाढले, पण आत कधी गेले नव्हते. लाल चर्चमध्ये वाढलेल्या मुलीला दगडी भिंतींची आणि वरून येणाऱ्या उजेडाची सवय असते. इथे भिंत, छत, खांब, पायाखालची जमीन, सगळं काचेचं. तुकडे, फुलं, वेली, सगळीकडे काच. मध्ये काळ्या पाषाणाच्या तीर्थंकरांच्या मूर्ती, अंगावर काही नाही, हातात काही नाही. भिंतींवर काचेत केलेली चित्रं आहेत. त्यांत पाप्यांना मिळणाऱ्या शिक्षाही आहेत, अगदी तपशीलवार. आमच्या आजीकडच्या जुन्या धर्मपुस्तकात नरकाचं चित्र आहे, त्याची मला आठवण झाली. दोन धर्म एवढे वेगळे, पण लहान मुलांना घाबरवायची पद्धत एकच.

मी मूर्तीसमोर उभी राहिले तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येक काचेत माझा एकेक तुकडा दिसत होता. इथे एक डोळा, तिथे ओढणीचं टोक. दारापाशी बसलेल्या काकांनी विचारलं, "पहली बार आए हो, बेटा?" हो म्हटल्यावर म्हणाले, "सेठजी खुद आते थे, यहीं बैठते थे।" इतक्या सहज, की जणू कालच बघितलं आहे. जैन धर्मात अपरिग्रहाचं व्रत असतं, गृहस्थानेही आपल्या मालमत्तेला एक मर्यादा घालून घ्यावी असं सांगितलेलं असतं. ती मर्यादा शेठजींनी कुठे आखली असेल? सर्वस्व सोडलेल्याचं देऊळ बांधायला किती सर्वस्व लागतं, हा प्रश्न मी काकांना विचारला नाही. तो प्रश्न रोममधल्या संत पीटरच्या बॅसिलिकालाही लागू आहे, त्यामुळे मी गप्पच बसले हे बरं.

फादरांच्या प्रवचनात वर्षातून एकदा जक्कय येतो. श्रीमंत जकातदार, रोमनांच्या कृपेतला, ठेंगणा, येशूला बघायला झाडावर चढलेला. लहानपणी मला फक्त ते झाड आवडायचं. आता लक्षात येतं की जक्कय दोन वेगळी आश्वासनं देतो. अर्धी संपत्ती गरिबांना देईन, हे एक. आणि ज्यांच्याकडून फसवून घेतलं त्यांना चौपट परत करीन, हे दुसरं. पहिलं दान झालं. दुसरं दान नाही, ते फेडणं आहे. मराठीत दोन्हीला आपण 'देणं' म्हणतो. देणगीदार आणि देणेकरी, दोन्ही शब्द एकाच घरातले. पण देणगीदाराचं नाव संगमरवरावर कोरतात (आमच्या चर्चच्या बाकांवरही आहेत, मिस्सा लांबली की मी ती वाचत बसते), आणि देणेकऱ्याचं नाव कोर्टाच्या कागदावर असतं.

शेठ हुकुमचंदांचं नाव दोन्हीकडे लागलं. पण हे नीट सांगायला हवं, कारण यात त्यांच्यावर अन्याय होऊ शकतो. मिल बंद पडली १२ डिसेंबर १९९१ला. शेठजींना जाऊन तेव्हा ३२ वर्षं झाली होती. देशभर कापड गिरण्या बुडत होत्या, मुंबईच्या तर त्याआधीच आजारी पडल्या होत्या. बंद पडण्यात शेठजींचा हात नव्हता, असूच शकत नव्हता. पण दारावर नाव त्यांचं होतं. ५,८९५ कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. पगार, ग्रॅच्युइटी, सगळं अडकलं. मिल दिवाळखोरीत गेली, जमीन कोणाची यावर भांडण लागलं आणि खटला हायकोर्टात वर्षानुवर्षं चालला. २००७ मध्ये कोर्टाने कामगारांचे २२९ कोटी ठरवले. ठरवले, मिळाले नाहीत. नंदानगर, परदेशीपुरा, पाटनीपुरा या भागांत तुमच्यापैकी बरेच जण राहता. त्यांना हे मी सांगायला नको. यातला नंदानगर हा गुलझारीलाल नंदांच्या नावाने गिरणी कामगारांसाठीच वसलेला. १९६२ मध्ये होमी दाजींसारखा कम्युनिस्ट माणूस अपक्ष उभा राहून इंदूरचा खासदार झाला तो याच वस्त्यांच्या बळावर. एके काळी या लोकांना विचारल्याशिवाय शहराचं राजकारण हलत नसे. शेवटी ते दर आठवड्याला बंद फाटकाशी जमायचे, आणि दर वर्षी जमणारे कमी व्हायचे. पैसे मिळेपर्यंत दोन हजारांहून जास्त कामगार वारले होते.

पैसे मिळाले २५ डिसेंबर २०२३ला. आमच्याकडे नाताळ. सकाळची मिस्सा करून आलो होतो, आई करंज्यांचा डबा शेजारी द्यायला निघाली होती आणि पप्पांनी टीव्ही लावला. इंदुरात मोठा कार्यक्रम चालू होता, पंतप्रधान दिल्लीहून पडद्यावर. हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटींचा चेक. समोर खुर्च्यांवर पांढऱ्या केसांची माणसं आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. कार्यक्रमाचं नाव मागच्या फलकावर होतं: 'मज़दूरों का हित, मज़दूरों को समर्पित'.

पप्पा बँकेत आहेत, शब्दांपेक्षा आकड्यांचे. पण तेच म्हणाले, "समर्पित कसलं? त्यांचेच आहेत ना?"

मराठी साहित्य शिकणाऱ्या मुलीला हे आधी सुचायला हवं होतं खरं. समर्पण देवाला करतात, पुस्तक आईला अर्पण करतात. ३२ वर्षांपूर्वीचा पगार कोणी कोणाला समर्पित करत नाही, तो चुकता करतात. मी असं म्हणत नाही की ते पैसे वाईट होते. ज्यांना मिळाले त्यांना विचारा, कोणी चेक परत केला नसेल. इतक्या वर्षांनी कोणीतरी तो गुंता सोडवला ही मोठीच गोष्ट. पण त्या एका शब्दाने फेडणं होतं त्याचं दान झालं, आणि घेणाऱ्यांना हात जोडावे लागले. शेठजींच्या काळात निदान दोन वह्या वेगळ्या असायच्या. पेढीच्या हिशोबात धर्मादाय खातं वेगळं आणि देणी वेगळी, हे कोणत्याही मुनीमाला कळत होतं.

मिलची जवळजवळ ४२ एकर जमीन आता गृहनिर्माण मंडळाकडे गेली आहे. तीस वर्षं कोणी फिरकलं नाही म्हणून तिथे रान माजलं. पक्षी आले, मोर आले म्हणतात. आता तिथे इमारती होणार, म्हणून शहरातली मुलं झाडं वाचवायला पाट्या घेऊन उभी राहतात. आमच्या कॉलेजमधलेही काही जण गेले होते. शेठजींनी अफूच्या पैशातून उभी केलेली मिल, ती मेल्यावर उगवलेलं जंगल, आणि त्या जंगलासाठी भांडणारी बी.ए.ची पोरं. यातलं काय शेठजींचं म्हणायचं, मला सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्याच नावाची राहिली आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिल एरियातून राजवाड्याकडे झांकी निघतात, त्यांची सुरुवात शंभर वर्षांपूर्वी हुकुमचंद मिलच्या गणपतीपासून झाली असं मानतात. तेव्हा बैलगाड्यांवर, शेठजींच्या पैशाने. आता मिल नाही, पगार नाही, पण झांकी निघते. पालिका थोडे पैसे देते, बाकीचे जुने कामगार वर्गणी काढून जमवतात. त्या रात्री आपण सगळे जातो, जात-धर्म कोण बघतं. 'हुकुमचंद मिल की झांकी आ रही है' अशी आरोळी आली की रस्त्याकडेची पोरं बापाच्या खांद्यावर चढतात.

मागच्या वर्षी झांकीच्या आधी पाटनीपुऱ्यात दोन म्हातारे पावतीपुस्तक घेऊन फिरत होते. मी ५१ रुपये दिले. एकाने चष्मा वर सरकवून विचारलं, "नाम, बेटा?" मी पूर्ण नाव सांगितलं. आडनाव त्यांना दोनदा विचारावं लागलं, मग एकेक अक्षर उच्चारत त्यांनी ते पावतीवर लिहिलं, 'दानदाता' या छापील शब्दापुढे.